निंबोळी अर्काने अळी लगेच का मरत नाही? वनस्पती अर्कांचं विज्ञान, सोप्या भाषेत

निंबोळी अर्क फवारला, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पानं उलटून बघितली तर अळ्या तिथंच, जिवंत. मग लगेच निकाल लागतो की हे सगळं फुकाचं आहे, याने काही होत नाही. आणि दुसरीकडे असेही लोक आहेत जे दिसेल त्या झाडाचा पाला कुजवून पिकावर मारतात आणि म्हणतात नैसर्गिक आहे ना, मग कुणाला काय होणार. मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण आहे, अर्क पानावर पडल्यावर किडीच्या शरीरात नेमकं काय घडतं ते आपण समजूनच घेत नाही. ते एकदा कळलं की कधी फवारायचं, कुठल्या किडीवर, किती दिवस वाट बघायची आणि कुठल्या झाडाला हातसुद्धा लावायचा नाही हे बरंचसं आपलं आपल्याला कळायला लागतं.

आधी हे की झाडात कीटकनाशक येतंच कुठून. झाडाला पळता येत नाही, त्यामुळे खाणाऱ्यापासून वाचायचं तर पान कडक करणं, काटे काढणं किंवा मग अंगात असं काहीतरी तयार करणं जे खाल्लं की त्रास होईल, एवढेच मार्ग त्याच्याकडे असतात. तंबाखूतलं निकोटिन, कॉफीतलं कॅफिन, मिरचीतलं कॅप्सेसिन, लसूण ठेचल्यावर तयार होणारं अॅलिसिन, कडुनिंबातला तो कडूपणा, हे सगळं त्यातलंच. यांना दुय्यम रसायनं म्हणतात कारण झाडाच्या रोजच्या वाढीसाठी ती लागत नाहीत, संरक्षणासाठी लागतात. पण यात एक गोष्ट लक्षात ठेवायची, झाडं जशी कोट्यवधी वर्षांपासून ही रसायनं बनवतायत तसे कीटकही तेवढ्याच काळापासून ती पचवायला शिकतायत. तंबाखूवरची हॉर्नवर्म नावाची मोठी हिरवी अळी निकोटिनने भरलेली पानं आरामात खाते आणि निकोटिन शरीराबाहेर टाकून देते. म्हणजे 'या झाडाला कीड लागत नाही, मग याचा अर्क सगळ्या किडींवर चालेल' हा हिशेब मुळातच कच्चा आहे. एका झाडाचा अर्क एका किडीवर जोरात चालतो आणि तिच्याच जवळच्या नातलगावर अजिबात नाही, असं होतं आणि त्याचं उदाहरण पुढे येईलच.

आता किडीच्या शरीरावर हल्ला करायच्या मुख्य जागा बघू. पहिली मज्जासंस्था. शेवंतीच्या कुळातलं पायरेथ्रम नावाचं पांढरं फूल आहे, त्यातून पायरेथ्रिन मिळतं. कीटकाच्या नसांमधून संदेश जातो तो सोडियमच्या ये-जा करण्याने, आणि त्यासाठी नसेवर जी सोडियम चॅनल, म्हणजे सोडियमची दारं असतात ती उघडतात आणि लगेच बंद होतात. पायरेथ्रिन त्यांना नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे नस सतत संदेश पाठवत राहते, कीटक तडफडतो आणि खाली पडतो, तेही काही मिनिटांत. पण पडला म्हणजे मेला असं नाही, बऱ्याच कीटकांच्या शरीरातली एन्झाइम्स पायरेथ्रिन तोडून टाकतात आणि ते पुन्हा उठून चालायला लागतात. तिळाच्या तेलाने पायरेथ्रमची ताकद वाढते हे १९४० च्या सुमारास लक्षात आलं आणि त्याच संशोधनातून पुढे पायपेरोनिल ब्युटॉक्साइड नावाचं सोबतीचं रसायन आलं, जे स्वतः किडीला फारसं काही करत नाही, फक्त ती तोडणारी एन्झाइम्स अडवून धरतं.

पायरेथ्रिनची दुसरी अडचण म्हणजे ऊन. उन्हात ते काही तासांत उतरायला लागतं. त्याची रचना शोधण्याचं मोठं काम हेर्मान स्टाउडिंगर आणि लिओपोल्ड रुझिच्का या दोघांनी केलं, ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि नंतर दोघांनाही वेगवेगळ्या कामांसाठी नोबेल मिळालं. मग त्या रेणूची नक्कल करून उन्हात टिकेल असा प्रकार बनवायच्या मागे लोक लागले आणि इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेत मायकेल इलियट यांच्या गटाने १९७३ मध्ये परमेथ्रिन आणलं. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही आज सर्रास वापरली जाणारी औषधं त्याच घराण्यातली. मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो कारण 'केमिकल' आणि 'नैसर्गिक' यांच्यामध्ये आपण जी जाड भिंत उभी करतो ती प्रत्यक्षात तेवढी जाड नाहीये. फुलातलं पायरेथ्रिन सुद्धा मधमाशीला मारतं आणि माशांसाठी तर ते फारच विषारी आहे.

निकोटिनचंही तसंच. अॅसिटिलकोलीन हे नसांमधलं संदेशवाहक रसायन जिथे बसतं त्या रिसेप्टरला निकोटिन जाऊन चिकटतं, आणि आजची निओनिकोटिनॉइड गटातली औषधं म्हणजे इमिडाक्लोप्रिड वगैरे, ती त्याच रिसेप्टरवर काम करतात. फरक असा की इमिडाक्लोप्रिड कीटकाच्या रिसेप्टरला जास्त पकडतं आणि माणसाच्या कमी, निकोटिन मात्र असा भेदभाव करत नाही. ते कातडीतून सुद्धा शरीरात जातं, ओली तंबाखूची पानं हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर येते ती यामुळेच. म्हणून तंबाखूचा अर्क घरी उकळून फवारायचा सल्ला कुणी दिला तर मी तरी तो घेऊ नका म्हणेन. आणखी एक कारण आहे, वाळलेल्या तंबाखूत तंबाखू मोझॅक विषाणू टिकून राहू शकतो आणि टोमॅटो, मिरची ही त्याच कुळातली पिकं, म्हणजे मावा मारायला जाऊन आपणच रोग आणून ठेवायचा.

दुसरी जागा म्हणजे पेशीतली ऊर्जा. डेरिस नावाच्या वेलीच्या मुळात रोटेनोन असतं, ते पेशीत ऊर्जा तयार होण्याची साखळी पहिल्याच टप्प्यावर तोडतं, कीड सुस्त होते, खाणं बंद करते, मरते. सीताफळाच्या बियांमधली अॅसिटोजेनिन रसायनं पण नेमकी त्याच टप्प्यावर घाव घालतात. रोटेनोन कितीतरी वर्षं सेंद्रिय शेतीतलं आवडतं औषध होतं, मग २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला ज्यात उंदरांना दीर्घकाळ रोटेनोन दिल्यावर त्यांच्यात पार्किन्सनसारखी लक्षणं आणि मेंदूत तसेच बदल दिसले, आणि त्यानंतर युरोपसह बऱ्याच ठिकाणी शेतीतला त्याचा वापर बंद होत गेला. सीताफळाच्या बियांची पावडर करताना ती डोळ्यात गेली तर बुब्बुळाला गंभीर इजा होते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगलं माहीत असलेलं प्रकरण आहे. बी कुटायचीच असेल तर चष्मा आणि हातमोजे हवेतच.

आता कडुनिंब, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण वनस्पती कीटकनाशकं म्हणून पायरेथ्रम सोडलं तर एवढं अभ्यासलेलं आणि एवढं चुकीचं समजलेलं दुसरं काही नाही.

१९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने बघितलं की टोळांनी आजूबाजूचं सगळं हिरवं फस्त केलं पण कडुनिंबाची झाडं तशीच राहिली. भारतात दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाचं अगदी पातळ द्रावण पिकावर फवारून बघितलं आणि १९६२ मध्ये लिहून ठेवलं की टोळ अशा पिकाला तोंड लावत नाहीत. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी त्यामागचा मुख्य रेणू वेगळा केला, तो म्हणजे अॅझाडिरेक्टिन. हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत पूर्ण बनवायला २२ वर्षं लागली, २००७ मध्ये जमलं. म्हणजे कारखान्यात स्वस्तात बनवायचा प्रश्नच येत नाही, बाजारात बाटलीत जे अॅझाडिरेक्टिन मिळतं ते आजही निंबोळीच्या बियांतूनच काढलेलं असतं.

तर हा अॅझाडिरेक्टिन करतो काय? दोन वेगवेगळी कामं करतो आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत. पहिलं काम, खाणं थांबवणं. किडीच्या तोंडाजवळ चव ओळखणाऱ्या पेशी असतात, काही पेशी साखर ओळखतात आणि काही 'हे खाऊ नको' असं सांगतात. अॅझाडिरेक्टिन या नको म्हणणाऱ्या पेशींना चेतवतो आणि काही किडींमध्ये साखर ओळखणाऱ्या पेशींना गप्प पण करतो, म्हणजे कीड पानावर बसलेली असते पण खात नाही. वाळवंटी टोळ याला भलताच संवेदनशील आहे, १ पीपीएमपेक्षाही (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) कमी अॅझाडिरेक्टिन असलं तरी तो तोंड फिरवतो. आणि त्याच्याच कुळातला उत्तर अमेरिकेतला एक स्थलांतर करणारा नाकतोडा ते आरामात खातो, त्याला ती चव अडवतच नाही. दोघं इतके जवळचे तरीही. त्यामुळे 'कडुनिंबाने कीड पळते' असं सरसकट म्हणता येत नाही, कुठली कीड ते आधी विचारावं लागतं.

दुसरं काम जास्त पक्कं आणि बहुतेक किडींवर चालणारं, ते म्हणजे वाढ बिघडवणं. अळीचं बाहेरचं आवरण फारसं ताणत नाही, म्हणून वाढायचं तर तिला कात टाकावी लागते, एकदा नाही तर पाच-सहा वेळा आणि मग कोष. ही कात कधी टाकायची ते एक्डिसोन नावाचं हार्मोन ठरवतं आणि ते सोडायचा हुकूम मेंदूकडून येतो. अॅझाडिरेक्टिन पोटात गेल्यावर मेंदूकडच्या या हुकमाच्या व्यवस्थेत गोंधळ घालतो, एक्डिसोन वेळेवर सुटत नाही किंवा कमी सुटतं, आणि अळी जुन्या कातीत अर्धी आत अर्धी बाहेर अशी अडकून मरते, नाहीतर कोषात जाऊ शकत नाही, नाहीतर कोषातून वाकडे पंख घेऊन बाहेर येते आणि उडू शकत नाही. माद्या वाचल्या तरी अंडी कमी घालतात. आता यात दुसऱ्या दिवशी सकाळी काय दिसणार? काहीच नाही. अळीची पुढची कात टाकायची वेळ येईपर्यंत ती जिवंतच दिसणार, म्हणजे तीन-चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत किंवा त्याहून जास्त. बघायचं असेल तर अळी जिवंत आहे का ते नका बघू, ती खातेय का आणि मोठी होतेय का ते बघा, नवीन पानांवर ताजी छिद्रं पडतायत का, विष्ठा ताजी आहे का, अळ्यांचा आकार तेवढाच राहिलाय का.

यातूनच वेळेचा नियम निघतो. जिला अजून बऱ्याच वेळा कात टाकायची आहे तिच्यावर परिणाम जास्त, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, पहिल्या दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्या. करंगळीएवढ्या झालेल्या घाटेअळीवर किंवा लष्करी अळीवर निंबोळी अर्क मारून काही उपयोग नाही, ती कोषात जायच्या तयारीत असते, तिचं खाऊन झालेलं असतं आणि नुकसानही झालेलं असतं. तसंच पांढरी माशी, तुडतुडे, मावा यांची पिल्लं सापडतात, मोठ्या झालेल्या माश्या फारशा नाही. खोडाच्या किंवा शेंगेच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत अर्क पोचतच नाही, तिथे अळी आत शिरायच्या आधीच तो पडायला हवा. म्हणजे निंबोळी अर्क हे ज्यांचं पिकावर रोज लक्ष आहे, ज्यांना अंडी आणि बारीक अळ्या ओळखता येतात त्यांचं औषध आहे. शेतात हाहाकार माजल्यावर धावत जाऊन आणायचं औषध हे नाहीच, आणि त्याची बदनामी बरीचशी अशाच वापरामुळे झालेली आहे असं माझं मत आहे.

आता बनवण्याकडे येऊ, कारण इथे भयंकर फरक पडतो. अॅझाडिरेक्टिन मुख्यतः बीच्या आतल्या मगजात असतो, साधारण ०.२ ते ०.६ टक्के, झाडानुसार आणि जागेनुसार कमीजास्त. पानात तो फारच कमी असतो, त्यामुळे पाल्याचा काढा आणि निंबोळी अर्क एकच असं समजू नका. पिकून पडलेली निंबोळी गोळा करून वरचा गोड गर एक-दोन दिवसांत धुऊन काढायचा, बिया सावलीत वाऱ्यावर वाळवायच्या, प्लास्टिकच्या पोत्यात दमट नाही भरायच्या. बुरशी आलेली, काळी पडलेली बी टाकून द्यायची, त्यात फक्त अॅझाडिरेक्टिन कमी होतो एवढंच नाही तर अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी निंबोळीवर सहज वाढते आणि ते विष आपल्याला पिकावर नको आहे. बी जुनी होत गेली की ताकद उतरते, आठ-दहा महिन्यांपेक्षा जुनी शक्यतो वापरू नये.

पाच टक्क्यांचा अर्क म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो मगजाची पावडर, थोडं करायचं तर लिटरला ५० ग्रॅम. पावडर भरड ठेवायची, तेल सुटून लगदा होईल इतकी बारीक नाही. ५ किलो पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, मधून मधून ढवळायची, सकाळी दोन पदरी फडक्यातून गाळायची, चोथ्यावर अजून थोडं पाणी घालून पुन्हा पिळायचं आणि मग एकूण १०० लिटर करायचं. उकळायचं नाही. उष्णतेने अॅझाडिरेक्टिन मोडतो, आणि तरीही लोक उकळतात कारण घट्ट काढा जास्त जोरदार वाटतो. मिरचीचं उलटं आहे, तिथला तिखटपणा पाण्यात फारसा उतरतच नाही, म्हणून मिरची नुसती पाण्यात भिजवून मिळतं ते बरंचसं रंगाचं पाणी. कुठलं रसायन पाण्यात उतरतं, कुठलं तेलात, कुठलं उष्णतेने जातं, कुठलं हवेत उडून जातं, हे प्रत्येक झाडाचं वेगळं असतं आणि 'सगळं एकत्र भिजवा' या पद्धतीत याचा विचारच नसतो.

साबण घालतात तो कशासाठी तर पानावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी थेंब होऊन घरंगळतं, साबणाने ते पसरतं. १०० लिटरला २०० ग्रॅम साधारण पुरतो. पण साबण अल्कधर्मी असतो आणि अॅझाडिरेक्टिन अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतो, तो टिकतो किंचित आम्लधर्मी पाण्यात, पीएच साधारण ४ ते ६ मध्ये. म्हणून साबण अगदी शेवटी घालायचा आणि द्रावण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. पाणी जड किंवा खारं असेल तर साबण फाटतो, तिथे शेतीसाठीचं स्प्रेडर बरं पडतं. साबण जास्त झाला तर पानं करपतात, आणि एक प्रामाणिक गोष्ट, मावा लगेच मेलेला दिसतो तेव्हा बऱ्याचदा ती करामत अर्काची नसून साबणाचीच असते कारण मऊ अंगाच्या किडींवर साबण स्वतःच चालतो.

बाजारची बाटली घेतली तर लेबलवर पीपीएम बघायचं, नुसतं 'नीम' असं लिहिलंय म्हणून घ्यायचं नाही. ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम असे प्रकार असतात. हिशेब सोपा आहे, १०,००० पीपीएमचं २ मिली १ लिटर पाण्यात टाकलं तर फवारणीच्या द्रावणात २० पीपीएम अॅझाडिरेक्टिन येतो, १५०० पीपीएमचं ५ मिली टाकलं तर साडेसात, आणि ३०० पीपीएमचं तेवढंच टाकलं तर फक्त दीड. घरच्या पाच टक्के अर्कात, मगजात ०.३ टक्के धरलं तर ५० ग्रॅममध्ये १५० मिलिग्रॅम, म्हणजे सगळा उतरला तर लिटरला १५० पीपीएम, पण पाण्यात सगळा उतरत नाही, बी जुनी असेल तर मुळातच कमी. तरीही चांगल्या बीचा ताजा अर्क ३०० पीपीएमच्या बाटलीपेक्षा कितीतरी जोरदार असू शकतो हे यातून दिसतं. प्रत्यक्ष मात्रा किती घ्यायची ते लेबलवर पिकानुसार दिलेलं असतं, तेच पाळायचं. आणि नुसतं नीम तेल ही तिसरी गोष्ट, त्यात अॅझाडिरेक्टिन खूप कमी किंवा जवळजवळ नसलेलाही असू शकतो, ते मुख्यतः तेल म्हणून काम करतं, किडीच्या श्वासाच्या छिद्रांवर आणि अंड्यांवर थर बसवून.

आता मला सगळ्यात आवडणारा प्रयोग सांगतो. १९९५ मध्ये कॅनडातल्या फेंग आणि इस्मन या संशोधकांनी हिरव्या माव्याच्या दोन वसाहती वाढवल्या, एकीला ४० पिढ्या शुद्ध अॅझाडिरेक्टिन दिला आणि दुसरीला निंबोळीच्या बीचा पूर्ण अर्क, दोन्हीत अॅझाडिरेक्टिनचं प्रमाण सारखंच. शुद्ध रसायनवाल्या माव्यात ९ पट प्रतिकारशक्ती आली, अर्कवाल्यात आली नाही. तंबाखूवरच्या पानं खाणाऱ्या अळीवर असाच एक प्रयोग झाला, त्यात ती अळी शुद्ध अॅझाडिरेक्टिनच्या चवीला सरावली आणि पुन्हा खायला लागली, पूर्ण अर्काला मात्र सरावली नाही. कारण बीमध्ये एकटा अॅझाडिरेक्टिन नसतो, सॅलॅनिन, निंबिन अशी कितीतरी लिमोनॉइड्स, म्हणजे त्याच घराण्यातली रसायनं असतात, किडीला एकाच वेळी सगळ्यांशी जुळवून घेणं अवघड जातं. पूर्ण अर्काच्या बाजूने बोलायला याच्याइतका भक्कम आधार मला दुसरा माहीत नाही. पण याचा अर्थ दहा झाडं एकत्र केली की दहापट फायदा असा होत नाही, इथे एकाच बीतल्या रसायनांबद्दल बोललं जातंय, ज्यांचं प्रमाण आणि परिणाम मोजलेले होते.

मिश्र पाल्याच्या अर्कांबद्दल माझी खरी काळजी इथे आहे. त्यात धोतरा आणि कण्हेर सर्रास घालतात. धोतऱ्यात अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं, ज्याने माणसाला भ्रम होतो, हृदयाचे ठोके वाढतात, जास्त झालं तर जीव जातो. कण्हेरीतली रसायनं थेट हृदयावर काम करतात आणि उकळून किंवा वाळवून जात नाहीत. हे भाजीवर, तेही तोडणीच्या तोंडावर फवारायचं? कुठल्या पानातून किती विष उतरलं, भाजीवर किती दिवस राहतं, यातलं काहीही मोजलेलं नसताना? बाटलीतल्या औषधाला निदान लेबल असतं, त्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. खायच्या पिकावर धोतरा, कण्हेर, तंबाखू नकोच, यावर मी अगदी ठाम आहे.

मग मित्रकीटकांचं काय? इथे अॅझाडिरेक्टिनची बाजू खरंच चांगली आहे. तो मुख्यतः पोटातून काम करतो, पान खाणारा किंवा रस शोषणारा कीटकच सापडतो, मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, परोपजीवी गांधीलमाश्या यांना त्यामानाने कमी त्रास होतो. कमी म्हणजे शून्य नाही, ढालकिड्याच्या बारीक अळीवर थेट फवारा पडला तर तिचीही कात अडकू शकते. पायरेथ्रिन मात्र समोर येईल त्याला पाडतं. म्हणून कुठलाही अर्क असो, फुलोऱ्यातल्या पिकावर मधमाश्या फिरत असताना फवारायचा नाही, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर फवारायचा. संध्याकाळचं दुसरं कारण ऊन, अतिनील किरणांनी अॅझाडिरेक्टिन काही दिवसांतच मोडतो, निदान पहिली रात्र तरी त्याला पूर्ण मिळायला हवी. याच मोडण्यामुळे सात ते दहा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं आणि पाऊस आला तर त्याआधीच. तेच लवकर मोडणं काढणीच्या वेळी आपल्या फायद्याचं, अवशेष कमी राहतात. टिकाऊपणा आणि अवशेष ही एकच गोष्ट आहे, एक पाहिजे आणि दुसरं नको असं होत नाही.

लवंग, निलगिरी, ओवा, गवती चहा यांच्या सुगंधी तेलांबद्दल थोडक्यात. युजेनॉल, थायमॉल वगैरे रसायनं कीटकांच्या ऑक्टोपामिन नावाच्या संदेशव्यवस्थेवर परिणाम करतात असं दिसलंय, ही व्यवस्था कीटकांमध्ये महत्त्वाची आणि आपल्यात नाममात्र, त्यामुळे माणसाला त्यामानाने सुरक्षित. पण ती उडून जातात, उघड्या शेतात काही तासांत वास संपला की काम संपलं, आणि मात्रा जरा वाढली की पानं जळतात. बंद जागेत, पॉलीहाउसमध्ये, साठवणीत त्यांना जास्त अर्थ आहे.

कुठलाही नवीन अर्क पूर्ण प्लॉटवर मारायच्या आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस पानं बघायची, करपली नाहीत तर पुढे जायचं. पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोचला पाहिजे कारण पांढरी माशी, कोळी, बारीक अळ्या सगळे तिथेच असतात. आणि एक-दोन ओळी मुद्दाम न फवारता सोडा, नाहीतर कीड अर्काने कमी झाली की हवामानाने, का मित्रकीटकांनी खाल्ली, हे कधीच कळणार नाही.

फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे हे निंबोळीसाठी सुद्धा घालायचे. अर्क कधीही पिण्याच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवायचा नाही, आणि नीम तेल लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही, तान्ह्या बाळांना ते पाजल्याने झटके येऊन बाळं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उरलेलं द्रावण आणि पंप धुतलेलं पाणी ओढ्यात, तळ्यात, विहिरीजवळ ओतू नका, पायरेथ्रिन आणि रोटेनोन थोडंसं असलं तरी माशांना मारतात, करंजाच्या बियाही पूर्वी मासे पकडायला पाण्यात टाकायचे. ते पाणी त्याच पिकाच्या बांधावर पसरून टाका, आणि गाळलेला चोथा जमिनीत मिसळा, निंबोळी पेंडीसारखा तो तिथे उपयोगी पडतो.